मधल्या घरातली ऊब

नांदुरा,
ता. १८ एप्रिल १९३८

चि. निवृत्तीस ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. इकडे सगळी खुशाल आहेत. सरकी काढायच्या जिनात कपाशीच्या गाड्या आता तुरळकच येतात, त्यामुळे रस्ता सुना पडला आहे आणि ऊन तर विचारू नकोस. सासूबाईंचे गुडघे कुरकुरत का होईना चालतात. आमचे दीर उत्तमराव यांनी मोठ्या हौसेने नवा माठ आणला, त्यात पाणी काही केल्या गार होत नाही. तरी त्या माठाची बाजू घेऊन ते घरभर भांडतात.

तुमच्या कारखान्यात आकडेमोडीचं यंत्र आलं, ते फिरवायला माणूसही नेमला, हे वाचून बरं वाटलं. ‘ताई, आता तुझा त्रास वाचला,’ असं तू लिहिलंस. चांगलं झालं.

आता तू पाठवलेल्या गणिताच्या कागदाविषयी. साच्यात ओतलेल्या लोखंडी ठोकळ्याचे नेहमीसारखे उभे काप धरले, दोन्ही अंगांना साच्याची वाळू. प्रत्येक काप म्हणजे एक घर. दोन्ही शेजाऱ्यांची उष्णता मिळवायची, निम्मी करायची, की त्या घराचा पुढच्या घटकेचा आकडा तयार. मागच्या वर्षी बंगालात परत जाताना तू गाडीच्या खिडकीतून कागदांचं भेंडोळं माझ्या हातात कोंबलंस आणि एवढंच सांगितलंस, तोवर गाडी हललीसुद्धा. लहानपणी मी तुला पावकी-निमकी घोकून घेतली होती. त्यातली निमकी तू मला परत दिलीस म्हणायची.

मधलं घर गोठायच्या आत साचा फोडला तर ठोकळा तडकतो, म्हणून हा सगळा खटाटोप, हे आता मला पाठ झालं आहे. मागे माझ्या आकड्यावर साचा फोडलात आणि ठोकळा अखंड निघाला, असं तू कळवलंस तेव्हा मी घरात सगळ्यांच्या हातावर गूळ ठेवला होता. पातळ लोखंड कसं दिसतं ते मी जन्मात पाहिलेलं नाही, पण आनंद झाला खरा. सासूबाईंना ती गोष्ट परवा आठवली. म्हणाल्या, “तिकडचं लोखंड तू इथं बसून थंडं करून राह्यली ना व माय? मंग आपल्या माठातलं पानी काऊन थंडं होत नाही?” मी खूप हसले. त्या मनाने चांगल्या आहेत रे. सगळीच चांगली आहेत.

तुला आठवतं, पहिल्या खेपेला मी घाबरून पत्र टाकलं होतं? लोखंड गोठायला लागलं की, भेंडोळ्यात तू लिहिलेल्या नियमाने, त्या घराचा आकडा खाली उतरेचना. मला वाटलं, माझंच चुकलं. मग तुझा खुलासा आला: चुकलं नाही, आतली ऊब शेजाऱ्यांना देऊन संपेपर्यंत आकडा तिथंच अडून राहतो. तुझे मेहुणे गेल्यापासून इथले लोक म्हणतात, अन्नपूर्णा सावरली, होती तशी आहे. मी त्यांना काही समजावत बसत नाही.

एक सांगते, हसू नकोस. ठोकळ्याची दोन्ही अंगं सारखी, तेव्हा अर्ध्याचंच गणित कर, उरलेलं तसंच येतं, असं तू बजावलं होतंस. मी पहिल्यापासून पुरतं करते. डावीकडून मधल्या घरापर्यंत येते, मग उजवीकडून पुन्हा सुरुवात करते. आकडे तेच येणार हे ठाऊक असतं, आणि येतातही तेच. पण अर्ध्यात आटोपलं तर दुपार उरते, निवृत्ती. मूल नाही, बाळ नाही, भांडी घासून झालेली असतात. उरलेल्या दुपारचं काय करायचं?

म्हणून वर ‘बरं वाटलं’ लिहिलं आहे ते खोडून वाच. मला मुळीच बरं वाटलं नाही. तुझं पत्र वाचून मी चुलीपाशी जाऊन रडले आणि सासूबाईंना धूर सांगितला. तो त्रास नव्हता रे. कागद पसरला की तुझं अक्षर समोर असायचं, आणि दूर कुठेतरी कुणी माझ्या उत्तरासाठी अडून आहे असं वाटायचं. यंत्र चुकत नसेल. मीही फारशी चुकत नाही. सगळं त्याला देऊन टाकू नकोस. त्याला कुठे दुपार असते?

सोबत कागद आहे. शेवटच्या ओळी मुद्दाम केलेल्या नाहीत. दोन्हीकडची घरं गोठली, मधलं तेवढं राहिलं आहे. तुझं यंत्र ते चुटकीसरशी करील, मला ठाऊक आहे. त्याच्याकडून करवून घेऊ नकोस. कागद मला परत पाठव, मी पुरा करून देते. तोवर साचा फोडू नकोस, बाबा. मध्ये अजून ऊब आहे.

तुझ्या कागदाची वाट पाहणारी,
अन्नपूर्णाताई