चादरींच्या कपाटातला पंप

आई, आज मी तुझ्यासारख्याच एका बाईशी खोटं बोलले आणि सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नाही. तू गेलीस तेव्हा मी कॉलेजात होते. आता पुण्यातल्याच एका हॉस्पिटलात मशीनं तपासायचं नि दुरुस्त करायचं काम करते. म्हणजे तू ज्या खात्याच्या नावाने बोटं मोडायचीस, त्याच खात्यात. हस, हस.

तुझा वॉर्ड आठवतो. शाळा लवकर सुटली की मी तिथे येऊन बसायचे. तू इन्चार्ज सिस्टर, चादरींच्या कपाटाची किल्ली तुझ्या कमरेला. त्या कपाटात, खालच्या खणात चादरींच्या मागे तू एक सक्शन मशीन दडवलं होतंस, पेशंटच्या घशातला कफ ओढून काढायचं. तपासणीवाले काका आले की तू सरळ चेहऱ्याने सांगायचीस, "नाही हो, सापडत नाही कुठे." ते गेले की मला म्हणायचीस, "सासरी गेलेली लेक निदान दिवाळीला येते. यांच्याकडे गेलेलं मशीन तेवढंही येत नाही." वर्षातून एकदाच ते उजेडात यायचं, खंडेनवमीला. तू ते ओल्या फडक्याने पुसायचीस, हळदीकुंकू लावायचीस, झेंडूची माळ घालायचीस. मी पेढ्यासाठी ताटकळत उभी.

आता तपासणीची मुदत टळलेल्या मशीनांची यादी माझ्या टेबलावर असते. त्यात बाळांच्या वॉर्डातल्या पाच पंपांपुढे कित्येक महिने एकच शेरा होता, सापडला नाही. हा पंप म्हणजे बाळाच्या शिरेत थेंबाथेंबाने औषध ढकलणारं यंत्र. आमचे साहेब म्हणाले, "हरवले म्हणून लिहा आणि मोकळ्या व्हा." मी मनात म्हटलं, अहो, पंप काय छत्री आहे हरवायला? मला ठाऊक होतं, ते कुठल्या तरी कपाटातून निघतात, बाळांना लागतात आणि परत कपाटात जातात. आतून ते धड आहेत की नाहीत, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. धायरीहून कामावर येताना सिग्नलला गाडी थांबली तरी मी मनात ते पाच पंपच मोजत बसायचे.

मग खंडेनवमी आली. मी मंडईतून झेंडू घेतला आणि पूजेच्या वेळी बाळांच्या वॉर्डात हजर झाले. टेबलावर सगळी मशीनं ओळीने मांडलेली, आणि मधोमध हळदीकुंकू लावलेला माझा एक पंप. बाकीचे चार मात्र आतच. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "काय मॅडम, पाया पडायला आलात की वॉरंट घेऊन?" मी बदली पंप सोबत नेला होता. तो ठेवला, आठ दिवसांत परत आणायचा शब्द दिला, तेव्हा कुठे त्यांनी त्या पंपावरचा हात काढला.

खाली आणून तपासला. वेग बरोबर होता. मग नळी मुद्दाम दाबून धरली. नळी अडली की त्याने बोंब मारायला हवी. मी वाट पाहिली, पुन्हा दाबली, पुन्हा वाट पाहिली. पंप गप्प. औषध पुढे जात नव्हतं आणि हा हिरवा दिवा लावून शहाण्यासारखा बसलेला. झेंडूची एक पाकळी अजून बटणांत अडकली होती. किती दिवस असा चालला असेल, आणि कोणाकोणाच्या उशाशी?

तेव्हा तुझी ती संध्याकाळ आठवली. तू घरी येतेस, चपला न काढता स्वयंपाकघरात जातेस आणि एकच पातेलं घासत राहतेस. बाबा जेवायला बोलावतात. तू म्हणतेस, "ओढलंच नाही हो मशीनने. पेशंट गेला." पुढे तपासणीवाल्या काकांनी तुला सांगितलं, सिस्टर, मशीन चांगलं होतं, पेशंटच वाचण्यातला नव्हता. ते वाक्य तू शेवटपर्यंत आम्हाला ऐकवायचीस. आणि दुसरं मशीन मिळालं ते पुन्हा त्याच कपाटात ठेवलंस. आता मी काकांच्या जागी बसते, आई. मला वाटतं, मशीन चांगलं नव्हतं.

आज पंप दुरुस्त करून वर नेला. कागदावर दोष खरा लिहिलाय, पण कागद वॉर्डात कोण वाचतं? सिस्टर माझ्या तोंडाकडे बघत म्हणाल्या, "काही नव्हतं ना त्यात? आमच्याकडे छान चालत होता." निवृत्तीला आलेली बाई, पाय सुजलेले, डोळे थेट तुझे. मी म्हटलं, "ठणठणीत होता." "मग! सांगत नव्हते मी?" असं म्हणून त्यांनी माझ्यादेखत तो पंप चादरींच्या मागे सरकवला. उरलेले चार त्या आता कशाला देतील? माझ्या एका गोड वाक्याने मी ते कपाट बंद करून आले.

चारला त्यांची ड्युटी संपते. वर चाललेय. खरं सांगणार आहे, आणि बदली पंप ठेवून एकेक करत चारही खाली आणणार आहे. त्या चिडतील. कदाचित आज जेवणार नाहीत. हे पान तुझ्या ट्रंकेत ठेवीन, दुसरीकडे कुठे पाठवू? एक मात्र कबूल करते. तू असतीस आणि तुझ्या त्या मशीनचं मला विचारलं असतंस, तर मी आजही सांगितलं असतं, चांगलं होतं गं आई.