बर्लचं रिव्हॉल्व्हर

क्रेन फोर्क, केंटकी
शुक्रवार, ४ एप्रिल १९९७

चि. ओडेसास,
अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हा कागद.

माझ्या घरात कोणीतरी येतं. बुधवारी संध्याकाळी मी चर्चमध्ये प्रार्थनेला जाते, तेवढ्यात येतं. परतते तो फ्रीजमधली अंडी सरकलेली, औषधांच्या डबीचं झाकण अर्धवट लागलेलं. शेरीफच्या माणसाला मी सांगितलं की चोरीला काही गेलेलं नाही, तर त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू बर्लबरोबर माझी अक्कलही पुरली. नवऱ्याला जाऊन पाच महिने झाले, अक्कल अजून इथेच आहे. माझा संशय शेजारच्या कॉय स्टॅम्परवर आहे. आपल्या ओढ्याकाठच्या जमिनीवर त्याचा जुना डोळा, आणि हल्ली मी दिसले की टोपी काढून खाली बघतो. मनात काही नसेल तर माणूस असा कशाला वागेल?

म्हणून मी पिस्तूल जवळ बाळगायच्या परवान्याच्या वर्गात नाव घातलंय. शिकवणारा हॉबर्ट कॉम्ब्स, पूर्वी पोलिसात होता. त्याने आपापलं पिस्तूल आणायला सांगितलंय, म्हणून दुकानात गेले. दुकानदाराने माझे पांढरे केस बघून मोत्याच्या मुठीचं, तळहातात मावेल असं काहीतरी पुढे केलं. म्हणाला, मावशी, पर्समध्ये आहे हे कोणाला कळायचंही नाही. मी म्हटलं, बाळा, मला निदान चोराला तरी कळायला हवंय. काही न घेता परत आले.

मुलांना गोड पापे. तुझा लोभ आहे तसा राहू दे.
तुझी ताई,
व्हर्लीन


डेटन, ओहायो
बुधवार, ९ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचलं आणि हातातला चहा निवला. अगं, तुझ्या वाकड्या बोटांना लोणच्याची बरणी उघडत नाही आणि तू निघालीस पिस्तूल घ्यायला. आणि हा हॉबर्ट कॉम्ब्स कोण? विधुर आहे ना? एकट्या बायकांना घाबरवून वर्गात ओढायचं, हा त्याचा धंदा तर नव्हे? तू भोळी आहेस, म्हणून विचारते.

तू नीट जेवतेस का? झोप लागते का? सकाळी कितीला उठतेस? आणि खरं सांग, ते पिस्तूल चोरासाठीच हवंय ना? भावोजींचं रिव्हॉल्व्हर कपाटातून गेलं तर गेलं, त्याच्या जागी दुसरं आणायची एवढी काय घाई आहे? त्यापेक्षा कुत्रा पाळ, मोठ्याने भुंकणारा.

कॉयवर उगाच आळ घेऊ नकोस. भावोजींना त्यानेच खांदा दिला होता. वर्गाचं जरा लांबणीवर टाक, मी उन्हाळ्यात येतेच आहे.

रागावू नकोस, माया पातळ करू नकोस.
तुझी धाकटी,
ओडेसा


क्रेन फोर्क
सोमवार, १४ एप्रिल

चि. ओडेसास,
आशीर्वाद. शनिवारी वर्ग झाला. हॉबर्टने टेबलावर रिकामी पिस्तुलं मांडली होती. पहिल्याचा वरचा पोलादी भाग मागे खेचावा लागतो, तो माझ्याच्याने हलेना. मग ते दुकानातल्यासारखं चिमुकलं घेतलं. लपवायला सोपं, पण हलकं पिस्तूल जास्त उसळतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. एकाच गोळीत अंगठा काळानिळा झाला आणि सगळा वर्ग हसला. शेवटी हॉबर्ट म्हणाला की तुम्हाला वजनदार, पोलादी रिव्हॉल्व्हर हवं. मूठ बारीक असेल तर चिकटपट्टी गुंडाळायची. पर्स जड होईल, पण ते हातात तरी राहील. ओडेसा, तो बर्लच्याच रिव्हॉल्व्हरचं वर्णन करत होता. माझ्यासाठी चिकटपट्टी बर्लने स्वतः गुंडाळली होती. मला रडू आलं. त्या भल्या माणसाने आपलं तसलंच एक मला पुढच्या शनिवारपर्यंत दिलंय. एकच नियम घोकून घेतला: आधी समोरचा कोण ते ओळखा, मग बोट चापावर.

आता तुझं. बर्लचं रिव्हॉल्व्हर कपाटातून गेलंय, हे मी तुला लिहिलंच नव्हतं. तू घाबरशील म्हणून कोणालाच, शेरीफच्या माणसालाही, सांगितलं नव्हतं. मग तुला कसं कळलं? कॉयचा तुला एवढा पुळका कधीपासून? ओढ्याकाठची जमीन अर्धी तुझ्या नावावर आहे, हे मी विसरलेली नाही. म्हातारीला घाबरवून डेटनला न्यायचं आणि जमीन कॉयला विकायची, असं तर तुमचं ठरलं नाही ना? बहिणीबद्दल असं लिहू नये, पण लिहिते.

या बुधवारी मी गाडी चर्चपाशी ठेवून मागच्या वाटेने घरी येणार आणि स्वयंपाकघरात बसणार. रिव्हॉल्व्हर भरलेलं असेल.

लोभाचं नंतर बघू.
व्हर्लीन


डेटन
गुरुवार, १७ एप्रिल

ताई,
तुझं पत्र आज दुपारी आलं. बुधवार काल होऊन गेला. पत्र वाचल्यापासून तुला फोन लावतेय, वाजत राहतो. तो कॉयच आहे. मीच त्याला पाठवते. त्याच्याकडे फोन नाही. शेरीफच्या कचेरीत विचारायला माझं मन धजत नाही. काय ऐकावं लागेल कोण जाणे. काही झालं असलं तर दोष माझा, तुझा नाही.
ओडेसा


क्रेन फोर्क
गुरुवार, १७ एप्रिल

चि. ओडेसास,
अनेक आशीर्वाद. दुपारपासून फोन वाजतोय, तूच असणार. उचलला नाही. हे तोंडाने सांगायला जमलं नसतं.

काल मी दिवा न लावता फडताळाच्या आडोशाला बसले. बाहेर अजून उजेड होता. ओसरीवरच्या झोपाळ्याखाली ठेवलेली किल्ली काढल्याचा आवाज आला. कॉय आत आला आणि आधी पायपुसण्यावर बूट पुसले. कुठला चोर बूट पुसतो? पण मी तेव्हा तेवढा विचार केला नाही. हॉबर्टचा नियम विसरले, बोट आधीच चापावर गेलं होतं. त्याने फ्रीज उघडून अंडी मोजली. औषधाची डबी पाहिली. शेगडीवर हात ठेवला, ती कोमट होती. मग तो स्वतःशीच हसला. मी अंडी खाल्ली म्हणून एक माणूस माझ्या स्वयंपाकघरात खूश होऊन हसत होता, आणि मी त्याच्या छातीवर नेम धरून बसले होते.

मी त्याचं नाव घेतलं. त्याने दोन्ही हात वर केले आणि म्हणाला, वहिनी, बर्लचं रिव्हॉल्व्हर माझ्याकडे आहे, तेल लावून ठेवलंय. दुःखाच्या घरातली बंदूक शेजाऱ्याने सांभाळायची, असं त्याची आई करायची म्हणे. पण मला विचारून न्यायची त्याला लाज वाटली, आणि पुढे माझ्या तोंडाकडे बघवेना. मग त्याने तुझं नाव सांगितलं: मी जेवते का, औषध घेते का, ते दर बुधवारी बघून तुला कळवायचं. डिसेंबरात मी तुला लिहिलं होतं की सकाळी कशाला उठायचं ते कळत नाही. मी ते लिहून विसरले, तू विसरली नाहीस. जमिनीचं जे लिहिलं ते फाडून टाक.

हॉबर्टचं रिव्हॉल्व्हर आज परत दिलं. शनिवारी नेमबाजीच्या परीक्षेला बर्लचं नेईन. मग ते पुन्हा कॉयकडेच राहील, कधी परत आणायचं ते मी सांगेन. त्याने बिचकत विचारलं, बुधवारी यायचं बंद करू का? मी म्हटलं, ये, पण मी घरात असताना, पुढच्या दाराने, आणि जेवायला.

तू मला एवढं सगळं विचारलंस, जीव नकोसा झालाय का तेवढं एक सोडून. डिसेंबरात विचारलं असतंस तर मी नाही म्हणाले असते, आणि ते खोटं असतं. आज नाही म्हणते, ते खरं आहे.

लोभ आहे हे अंड्यांवरून कळलं. यापुढे कॉयला नाही, मलाच विचारत जा.
तुझी ताई,
व्हर्लीन