तिसऱ्या भागातलं माझं मरण

आई, तुला वाकून नमस्कार.

आमची मालिका कालपासून लागली! दोन्ही भाग पाहिलेस ना? नायक हजार वर्षांचा देव, पण त्या ठोंब्याने नायिकेकडे अजून धड बघितलंसुद्धा नाही. तरी मी वेडी झालेय! ढगांतला महाल किती खरा वाटतो! आम्ही नुसत्या हिरव्या पडद्यापुढे घामाघूम उभ्या होतो. नायिकेमागे पंखा धरलेली दासी मी.

उद्या तिसऱ्या भागात मी मरते. पडल्यावर शिंकले, तर दिग्दर्शक ओरडले, "अगं ए, मेलीयेस ना तू?"

घाबरू नकोस. मेल्याचं काम केलं की अपशकुन टळावा म्हणून देतात ते पैशांचं लाल पाकीट मिळालंय. आजीला आधीच सांगून ठेव. तिचा गुडघा कसा आहे?

पुढे नायिकेसाठी देव तीनशे वर्षं रडतो. माझ्यासाठी कुणीच नाही. तू थोडं रडशील?

तुझी जिवंत,
रुइफेन