रस्त्याऐवजी रंगमंच

७ जुलै १९८५, रविवार
आजपासून रोजनिशी. सार्वजनिक कामात पडायचं तर नोंद असलेली बरी.

काम असं. वाशीत आमच्या वसाहतीत आठ बिल्डिंगा. सरकारी डांबरी रस्ता बस स्टॉपपाशी संपतो. तिथून आमच्यापर्यंत नुसती मातीची भर, पावसात चिखल. गेल्या वर्षी रहिवासी संघाने वर्गणी काढून रस्त्यासाठी पैसे बाजूला ठेवले. मीही हो म्हटलं होतं. पण तेव्हा पुरता विचार झाला नव्हता. आता झालाय. त्या पैशांत पक्का रंगमंच बांधायचा. रस्ता काय, सरकार कधीतरी करेलच. रंगमंच कोण करणार?

गेल्या गणपतीत मी सरदाराचं काम केलं. लोक इतके सुन्न झाले की टाळीसुद्धा वाजली नाही. अशा प्रेक्षकांना फळ्यांच्या स्टेजसमोर बसवणं बरोबर नाही.

८ जुलै
सुचित्राला योजना सांगितली. ती चहा गाळत होती. त्या रंगमंचापर्यंत लोक येणार कसे, तिने विचारलं. म्हटलं, कलेसाठी माणूस कुठूनही येतो. ती म्हणाली, चप्पल बाहेर काढून या.
बायकोचा पाठिंबा गृहीत धरलाय.

१४ जुलै, रविवार
संघाचे सेक्रेटरी सुभाष धामणस्कर यांना भेटलो. ते म्हणाले, ठराव फिरवायचा तर सर्वसाधारण सभा लागेल. सगळे फ्लॅटवाले, नवरा-बायको दोघंही, मतं देतील. १८ ऑगस्टला घेऊ. निघताना म्हणाले, दिवेकर, मधे विचार बदलला तर कळवा, नोटीस काढायचं वाचेल.
माणूस घाबरलाय.

२१ जुलै, रविवार
प्रचाराला सुरुवात. बरोबर बंडू सुर्वे. हा आमच्या नाटकाला तबला वाजवतो. मत पक्कं.

पहिल्या बिल्डिंगीत उत्तम रिस्पॉन्स. सगळ्यांनी दारात उभं राहून ऐकलं. आमच्या पायांना चिखल होता म्हणून आत बोलावलं नाही, एवढंच. वैजयंतीबाई 'बघू' म्हणाल्या. बघू म्हणजे हो. वरच्या मजल्यावरच्या कामतांनी विचारलं, स्टेजवर करणार काय? म्हटलं, नाटक. कोण करणार? म्हटलं, मी. ते विचारात पडले. बराच वेळ पडले. त्यांचंही मत धरलं.

संकल्प: रोज एक बिल्डिंग.

२५ जुलै
पाऊस. ऑफिसातून यायला उशीर. घसा बसलाय. नटाने घसा जपावा. प्रचार बंद.

वेणूबाई कोळीण आता दारावर येत नाही. स्टॉपवर गाठून कारण विचारलं. म्हणाली, "भाऊ, टोपली घेऊन पडले त मना कोन उचलंल? मी हितंच बसनार हाय." तिला मत नाही, म्हणून वाद घातला नाही. मासे घेऊन चिखलातून आलो. पापलेट एक कमी भरलं. वाटेत पडलं असावं.

३० जुलै
सुचित्रा पडली. शाळेत शिकवून येताना, हातात वह्या आणि भाजी. डावं मनगट मोडलं. रिक्षावाला स्टॉपच्या पुढे यायला तयार नव्हता. धामणस्कर आणि त्यांच्या बायकोने तिला खुर्चीत बसवून स्टॉपपर्यंत उचलून नेलं. मी त्या वेळी प्रचाराला सहाव्या बिल्डिंगीत होतो. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत कसा पोचेल ते समजावत होतो.
दवाखान्यात पोचलो तेव्हा प्लॅस्टर झालं होतं.
ती मला काहीच बोलली नाही. बोलली असती तर उत्तर तयार होतं.

२ ऑगस्ट
भात लागला. आमटी बरी, पण घट्ट. सुरीने कापली.

सुचित्राला बघायला लोकांची रीघ. आयते मतदार घरात. मी विषय काढला की ती म्हणते, जरा चहा टाका. चहा घेऊन बाहेर आलो की सगळे गप्प होतात. माझ्याबद्दल चांगलंच बोलत असणार. तोंडावर स्तुती करणं आपल्या लोकांना जमत नाही.

११ ऑगस्ट, रविवार
हुकमाचा पत्ता सापडला. ठाण्याचे सीतारामपंत ओक. जुने नाट्यशिक्षक. त्यांच्या शिबिरात मी एकदा गेलो होतो. त्यांना मी आठवलो नाही, पण येतो म्हणाले. सभेत ते बोलले की विषय संपला. त्यांच्या आवाजाने माणूस हलतो.

१८ ऑगस्ट, रविवार
सभा झाली. जसं झालं तसं लिहितो.

तिसऱ्या बिल्डिंगीखाली खुर्च्या मांडल्या होत्या. सीतारामपंतांना आणायला बंडूला पाठवलं होतं. दोघं आले तेव्हा पंतांच्या एकाच पायात पंप शू होता. दुसरा पाय गुडघ्यापर्यंत चिखलात माखलेला. पांढरं धोतर कमरेपर्यंत तपकिरी. मी पाण्याची बादली पुढे केली. ते म्हणाले, राहू दे, लोकांना दिसू दे.

मी त्यांची ओळख करून दिली. ती जरा लांबली. मग ते बोलायला उभे राहिले.

म्हणाले, "मी जन्मभर नटांना पहिल्यांदा एकच शिकवलं. पाय नीट रोवून उभे राहा. इथे पाय रोवला तर तो परत मिळत नाही."

लोक हसले. मीही हसलो. मला वाटलं, आता ते रंगमंचाकडे वळतील. ते वळले नाहीत. प्रेक्षक घरातून निघतो तिथे नाटक सुरू होतं, म्हणाले. मग पुढच्या रांगेत बसलेल्या सुचित्राला त्यांनी विचारलं, बाई, हाताला काय झालं?

सुचित्रा उभी राहिली. म्हणाली, "शाळेतून येत होते. घर दिसत होतं."

एवढंच म्हणाली आणि खाली बसली. नंतर बराच वेळ कोणी बोललं नाही. मी नाटकात पुष्कळ पॉझ घेतले आहेत. असा एकही जमला नव्हता.

धामणस्करांनी विचारलं, पैसे रस्त्यालाच ठेवायचे, कोण कोण बाजूने? सुचित्राने प्लॅस्टरचा हात उजव्या हाताने उचलून वर धरला. बाकीचे हात कधी वर गेले ते मी पाहिलं नाही, कारण माझाही वर होता.

बंडू कानाशी येऊन म्हणाला, अरे, हे काय करतोस? म्हटलं, भाषण फार चांगलं झालं.

मग रंगमंचाच्या बाजूने कोण, असं विचारलं. बंडूने हात अर्ध्यापर्यंत नेला, माझ्याकडे पाहिलं आणि डोकं खाजवलं.

१९ ऑगस्ट
शांतपणे विचार केला. याला पराभव म्हणता येणार नाही. ठराव एकमताने झाला, आणि मुख्य वक्ता माझा होता.
पंतांना दुसरा शू पाठवायचाय. सापडलेला नाही.

१५ डिसेंबर १९८५, रविवार
आज रस्त्याचं उद्घाटन. चार शब्द बोला, असं धामणस्करांनी मलाच सांगितलं. माईक, हार, गेटापाशी छोटं टेबल. मी अकरा पानी भाषण लिहून आणलं होतं. कला आणि डांबर असा विषय.

पहिलं पान संपवून मान वर केली तर खुर्च्या रिकाम्या. सगळी वसाहत रस्त्यावर चालत होती. स्टॉपपर्यंत जायची, परत यायची. कामत, वैजयंतीबाई, बंडू, सगळे. वेणूबाई टोपली घेऊन आत आली होती. कोणाला कुठे जायचं नव्हतं.

माझं दुसरं पान चालू असताना सुचित्रा टेबलापाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, येता का?

माईक बंद केला. तिच्याबरोबर स्टॉपपर्यंत गेलो. बस आली, गेली. आम्ही परत आलो.