डोंगर न सोडणारा सेनापती

६ नोव्हें. १९८३
टाळेबंदीचा चौथा महिना. साकीनाक्याला कारखान्याच्या गेटसमोर बसून सगळे आता एकमेकांच्याच अंगावर वसकन येतात. युनियनच्या कमिटीत माझं एकच, थांबा. कोर्टाची तारीख पंचवीसला. तोवर गेटवर धिंगाणा झाला तर केस गेली, नोकऱ्या गेल्या. आमच्यातलाच शिंदे तोंडावर म्हणाला, "तू मालकाचा माणूस." झोंबलं.
म्हणून नाटक लिहिलंय. रोमचा म्हातारा सेनापती. शत्रू दारात, हा डोंगर सोडत नाही, लढत नाही. लोक भित्रा म्हणतात. त्याला बाजूला करून बाकीचे उतरतात आणि एका दुपारी सगळं सैन्य कापलं जातं. भाषणातून शिरत नाही ते नाटकातून शिरेल.

११ नोव्हें.
सेनापती = बाबी, आमचा वेल्डर. कुडाळचा, तरुणपणी दशावतारात राजा व्हायचा. पाठांतर शून्य. तिकडे लिहिलेलं नसतंच, गोष्ट सांगायची, बोलायचं आपलं आपण. म्हटलं चालेल, फक्त डोंगर सोडू नकोस.
"लढूचा नाय तर तलवार कित्याक रे?"
"दाखवायला."
लाकडी तलवार बाजूला ठेवली. पटलं असावं.

२० नोव्हें.
दुपारी नाहूरच्या मैदानात प्रयोग. सगळा कारखाना, बायकापोरांसकट. दोन अंक झकास. तिसऱ्यात शत्रू ओरडतो, "भित्र्या, उतर खाली." बाबीने बसून राहायचं. पण दशावतारात राक्षसाने ललकारलं की राजा उतरतोच. उतरला. गिरक्या घेत शत्रूला आडवा केला.
शिट्ट्या. लोक उभे. शिंदे स्टेजवर, "उद्या गेट तोडायचं." सगळे, "गेट, गेट." मी विंगेतून ओरडतोय, थांबा, पुढचा प्रवेश राहिलाय. सैन्य कापलं जातं तो. कोणी बघितलाच नाही.
बाबी घामाघूम, हसत, "कसा झाला?" काय सांगू त्याला. वाट लागली.

२१, सकाळ
सातला बाबी दारात. डोळे लाल. "चूक माझी. मी फुडे जातंय, तेंका थांबवतंय. माझा आयकतले." हातात ती लाकडी तलवार. म्हटलं, पोलीस असतील, ठेव इथे. ठेवली.
ही म्हणते, तुम्ही जाऊ नका, तारखेला चार दिवस राहिलेत. खरंय. मी दिसलो तर कमिटीच गेटवर आली म्हणतील. केस तिथेच संपली.
साडेदहा. बाबी परत नाही. खालच्या दुकानात फोन आला, गेटवर लाठीमार चालू. नावं नाही सांगितली.
इथे बसवत नाही. हिला येतो म्हटलं. चपला घातल्यात.