गेल्या सालची जगबुडी

सूनबाई,

मी पलीकडच्या गल्लीत, माझ्या बहिणीकडे चाललोय. आज चार वाजता जग बुडणार म्हणून तिनं तळघरात महिनाभराचं पाणी भरलंय. नऊ वर्षांचा अबोला मोडून सकाळी फोन केला, "मरायचंय तर एकत्र मरू, दादा. तुझी खुर्ची मांडलीय."

तिनं हा दिवस भिंतीवरच्या ज्या कॅलेंडरवरून काढला, ते गेल्या सालचं आहे. काल जाता-जाता खिडकीतून मी पाहिलं. म्हणजे जग बुडून वर्ष झालं आणि आपल्याला कुणी कळवलंसुद्धा नाही. तिचा फोन आला तर यातलं अवाक्षर काढू नकोस.

गॅस बंद केलाय. गोळ्या खिशात आहेत. चारला तिचं तोंड कसं होतं ते बघायचंय, आणि पाचला ती चहा विचारते का, तेही.

बाबा