एकाच उन्हाळ्यात दोन खेळ

मी, वरदा शशिधर राजवाडे, वय पन्नास, व्यवसाय फिजिओथेरपिस्ट, राहणार पिनर, लंडन, हे मृत्युपत्र समजून-उमजून व स्वखुशीने लिहीत आहे. तब्येत ठणठणीत आहे. या महिन्यात मी ऑस्ट्रेलियाला खेळायला निघाले आहे: आधी पंचेचाळिशीपुढच्या बायकांच्या संघातून ऑस्ट्रेलियन फुटबॉल आणि लगेच पुढच्या आठवड्यात क्रिकेट. दोन्हीकडे निवड झाल्यापासून मला धड झोप नाही. माझी मुलगी दिया कायदा शिकते. ती म्हणाली, "आई, सीरियसली, तू तिथे टॅकल करणार. आधी विल कर, मग फ्लाय कर." मराठीत लिहिते, कारण माझ्याबद्दलचे काही इंग्रजीत वाचणे माझ्या आईला, श्रीमती अलका राजवाडे यांना, परके वाटते.

कलम १. पिनरचे घर दियाला. मात्र आई हयात असेपर्यंत बागेकडची खोली तिची. तोवर घर विकण्याचा विषय काढू नये.

कलम २. माझी बचत निम्मी दियाला, निम्मी स्लाऊच्या आमच्या मुलींच्या फुटी संघाला. फुटी म्हणजे लंबगोल चेंडूचा ऑस्ट्रेलियन फुटबॉल. हॉस्पिटलातल्या एका ऑस्ट्रेलियन नर्सने मला पार्कात नेईपर्यंत मी त्याचे नावही ऐकले नव्हते. उंच मारलेला चेंडू हवेत झेलला की त्याला मार्क म्हणतात आणि झेलणाऱ्याला मोकळी किक मिळते. मी शाळेपासूनची विकेटकीपर. पहिल्याच संध्याकाळी वाटले, हा खेळ कुणीतरी माझ्यासाठीच काढला आहे.

कलम ३. माझी बॅट आमच्या क्रिकेट क्लबचे कॅप्टन श्री. जयंत ओक यांना. ती जवळजवळ कोरी आहे, कारण त्यांनी मला कायम अकराव्या नंबरवर पाठवले. ऑस्ट्रेलियात फुटी हिवाळ्यात असते. इथे दोन्ही खेळ उन्हाळ्यात आणि दोन्ही शनिवारी. २०१४ साली फुटीची फायनल आणि क्लबची मॅच एकाच दिवशी आली. जयंतदादा म्हणाले, "एक काहीतरी ठरव. शनिवारी आली नाहीस तर पुन्हा येऊच नकोस."

मी फायनलला गेले. शेवटच्या मिनिटाला आम्हाला एक गोल हवा होता. चेंडू उंच आला. पुढे दोघी उभ्या होत्या. एकीच्या खांद्यावर गुडघा टेकून (फुटीत हे चालते) मी वर गेले. चेंडू हातात बसला आणि वेळ संपल्याचा सायरन वाजला. तरी मार्क झाला होता, म्हणून नियमाने किक माझीच होती. मी मारली आणि चेंडू मधल्या दोन उंच खांबांतून सरळ पलीकडे गेला. गोल! मुली माझ्या अंगावर कोसळल्या. त्या ढिगाखालून पाहते तर बाउंड्रीवर पांढऱ्या कपड्यांत जयंतदादा. त्यांची टीम दुपारीच हरली होती.

"आज आम्ही सगळे कॅच सोडले," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी तुझ्या तारखा विचारून मॅचेस लावतो."

त्यांनी शब्द पाळला. त्यानंतर माझी एकही मॅच बुडाली नाही, ना ही ना ती. अकरावा नंबर मात्र तसाच राहिला. बॅट त्यांनी भिंतीवर लावावी व रोज बघावी.

कलम ४. मे ते सप्टेंबरमध्ये गेले तर माझे अंत्यसंस्कार शनिवारी ठेवू नयेत. कुणी येणार नाही, आणि येऊही नये.

कलम ५. या मृत्युपत्राची अंमलबजावणी दियाने करावी.

कलम ६ (सहीपूर्वी जोडलेले). आईने माझी फुटी कधीही पाहिली नाही. "चिखलात मारामारी, ती काय बघायची?" असे म्हणून ती घरीच थांबे. आज साक्षीदार यायच्या आधी तिने वरचा मजकूर स्वयंपाकघरात बसून वाचला. तिसऱ्या कलमापाशी थांबली, ते पुन्हा वाचले.

"अडतिसाव्या वर्षी कुणाच्या खांद्यावरून उडी मारलीस?"

"हो, आई."

तिने चष्मा काढला. "आणि हे मला तू मेल्यावर कळणार होतं?"

तिने दियाला हाक मारली. "माझंही ऑस्ट्रेलियाचं तिकीट काढ गं. दोन्ही खेळांचं."

दियाने ते आत्ताच काढले आहे. वरील सर्व मजकूर मला मान्य आहे. सही करताना मी हसते आहे ती आनंदाने, याची साक्षीदारांनी नोंद घ्यावी.

सही: वरदा शशिधर राजवाडे

आम्हा दोघांच्या समोर सही झाली. आम्हाला यातून काहीही मिळणार नाही.
१. विष्णू केळकर, शेजारी
२. अन्वी दांडेकर, हॉस्पिटलातील सहकारी

पिनर, ३ सप्टेंबर २०२६